लेकराचा मोडलेला हात आणि आवळून बांधलेल्या कामट्या

शेतकऱ्याचा बैल लंगडूं लागला तर त्या रात्रीं घरांत कोणाला झोंप येत नाहीं. खूर तपासतात, गांवांतल्या जाणत्याला बोलावतात, दुसऱ्या दिवशीं औत सोडून त्याला जनावरांच्या दवाखान्यांत नेतात. बैल मोलाचा आहे हें सर्वांस कळतें. पण त्याच घरांतलें सात वर्षांचें लेकरूं चिंचेवरून पडून कोपर धरून रडत आलें, तर "मुरगळलें असेल, हळद लाव" एवढ्यावर पहिला दिवस जातो. दुसऱ्या दिवशीं हात भोपळ्यासारखा सुजला म्हणजे हाडवैद्याची आठवण होते. तिसऱ्या दिवशीं कोणी तरी म्हणतो कीं एकदां फोटो काढून पाहा. आज आम्ही या तीन दिवसांविषयीं लिहिणार आहों. लेकराचा हात कामाचा राहतो कीं जातो, हें पुष्कळदां याच तीन दिवसांत, आणि कित्येकदां तर पहिल्या कांहीं तासांतच ठरून जातें.

सोनाळा हें बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांतलें, सातपुड्याच्या पायथ्याचें गांव. वर अंबाबरव्याचें जंगल, खालीं कपाशी, तूर, सोयाबीन आणि संत्र्याचे बगीचे. चढायला झाडें आहेत, उड्या मारायला नाले आहेत, आणि सुटीच्या दिवसांत मुलांकडे पाहायला घरीं कोणी नाहीं. माय निंदणाला, बाप फवारणीला किंवा मजुरीला; घरीं म्हातारी असली तर तिला नीट दिसत नाहीं. मूल पडणार नाहीं तर काय होईल? म्हणून बापांना आमचें पहिलें सांगणें असें कीं, मूल पडलें म्हणजे "तुझें लक्ष कोठें होतें?" असें बायकोवर ओरडूं नये. तिचें लक्ष दुसऱ्याच्या शेतांतल्या तणावर होतें, आणि त्याच मजुरीवर संध्याकाळची भाकर झाली. कित्येक घरांत या ओरड्याच्या भीतीनें माय मुलाचें पडणें दिवसभर लपविते, बाप येण्यापूर्वीं तेल चोळून सूज उतरविण्याचा यत्न करिते. आणि जी वेळ दवाखान्याची ती अशी भांडणाच्या धाकांत जाते. दुसरें असें कीं धनी घरीं येईपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. मूल उचलून नेण्यास मायेला कोणाची परवानगी लागूं नये. सन १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुल्यांनीं मुंढव्याच्या महारवाड्यांतला पांडुरंग गायकवाड हा आजारी मुलगा पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यांत पोंचविला, तेव्हां त्यांनीं कोणाला विचारलें नव्हतें. मुलगा वांचला; बाई मात्र त्याच रोगानें १० मार्च रोजीं गेल्या.

आतां मोडण्याविषयीं. लहान मूल उंचावरून पडतांना जीव वांचविण्यासाठीं हात पुढें टेकतें. साऱ्या अंगाचा भार तळव्यावरून कोपरावर येतो, आणि कोपराच्या किंचित् वर दंडाचें हाड जेथें चपटें व पातळ असतें तेथें तें मोडतें. पांच ते आठ वर्षांच्या मुलांत कोपराजवळची ही मोड सर्वांत अधिक आढळते. याच जागीं हाडाला लागून हाताकडे रक्त नेणारी मोठी नाडी आणि बोटें हालविणाऱ्या शिरा जातात. मोडलेल्या हाडाचें टोंक तिच्यावर दाबलें, किंवा सुजेनें आंतली जागा भरून गेली, कीं खालच्या हाताचें रक्त कमी पडतें. अशा हातावर बांबूच्या कामट्या ठेवून वरून चिंध्या करकचून आवळल्या म्हणजे सूज बाहेर फुगावयाची तेथें आंत दाबूं लागते. रक्तावांचून मांस पांच-सहा तास तग धरतें; पुढें तें मरूं लागतें. मेलेलें मांस पुन्हां जिवंत होत नाहीं. तें वाळलेल्या चामड्याप्रमाणें आखडतें, मनगट वांकतें, बोटें पंजासारखीं आंत ओढलीं जातात. जर्मनीच्या फोल्कमान नांवाच्या शस्त्रवैद्यानें सन १८८१ मध्यें हा प्रकार नीट वर्णन करून सांगितला आणि घट्ट बांधण्याकडे बोट दाखविलें. त्याला आतां जवळ जवळ दीडशें वर्षें होत आलीं. हें सारें टाळतां येण्यासारखें आहे, म्हणूनच आम्हांला त्याचा अधिक राग येतो.

ज्याच्या घरीं लेखणीवर पोट चालतें त्याचा डावा हात आखडला तरी त्याचें भागतें. आमच्या घरांतलें तसें नाहीं. सुताराला किंकरा धरायला एक हात आणि मारायला दुसरा लागतो. कुंभाराचें मडकें दोन हातांमध्यें उभें राहतें. कपाशी वेंचणारी बाई दोन्ही हातांनीं वेंचते आणि मजुरी किलोवर घेते. आमच्या लेकरांची इस्टेट म्हणजे हे दोन हात, आणि तीच आपण चिंधीनें आवळून टाकावी काय?

आईबापांनीं एक गोष्ट मनांत पक्की धरावी. हात बांधल्यावर दुखणें दर तासाला थोडें थोडें कमी झालें पाहिजे. बांधल्यानंतर तें वाढत चाललें, तर आंत कांहीं तरी बिघडलें आहे. मूल रात्रभर किंचाळतें, आणि बाप म्हणतो, हाड मोडलें आहे, दुखणारच. आजी म्हणते, लाडावलेलें आहे. शेजारी म्हणतो, वैद्यानें सांगितलें आहे कीं तीन दिवस सोडावयाचें नाहीं. शेवटीं कंटाळून कोणी तरी त्याला एक चापट मारतें. पहांटे मूल शांत होतें आणि सारे म्हणतात, बरें झालें, झोंप लागली. ही झोंप पुष्कळदां फसवी असते. जेव्हां शिरा बधिर होतात तेव्हां दुखणेंही थांबतें. लहान मुलाला आपलें दुखणें सांगण्यास शब्द नसतात. रडणें हाच त्याचा अर्ज. तो अर्ज चापटीनें फेटाळूं नये.

मग पाहावें तें असें. बांधलेल्या हाताचीं बोटें उघडीं ठेवावीं. तीं दुसऱ्या हाताच्या बोटांशेजारीं धरून रंग पाहावा. पांढुरकीं, निळसर किंवा गार लागलीं तर समजावें. नखावर दाबून सोडावें. पांढरें झालेलें नख दोन क्षणांत पुन्हां तांबूस झालें पाहिजे. मुलाला बोटें हालवायला सांगावें. तीं हालत नसतील, किंवा आपण हळूंच एक बोट सरळ केलें असतां मूल किंचाळत असेल, तर एक घडीही थांबूं नये. चिंध्या-कामट्या असतील तर त्या कात्रीनें वरपासून खालपर्यंत, आंतल्या फडक्यासकट कापून मोकळ्या कराव्या आणि त्याच वेळीं दवाखान्याची वाट धरावी. वैद्य रागावेल म्हणून भिऊं नये. दवाखान्यांत घातलेलें प्लास्टरसुद्धां सुजेनें आवळूं शकतें, म्हणून ताज्या सुजेवर शहाणे डॉक्टर बहुधा पहिल्यानें अर्धेंच प्लास्टर घालतात. तेथेंही हींच लक्षणें दिसलीं तर सकाळची वाट न पाहतां रात्रींच परत जावें. कोणी "उगीच आलांत" म्हणालें तर ऐकून घ्यावें. अपमान पचतो, मेलेलें मांस परत येत नाहीं.

आतां हाडवैद्याकडे वळूं. शहरांतले शिकलेले लोक त्याला अडाणी म्हणून हंसतात. आम्ही तसें करणार नाहीं. सोनाळ्याहून तालुक्याचा रस्ता, तेथून शेगांव, खामगांव किंवा अकोटाचा रस्ता, आणि मोठी मोड असली तर अकोल्याचें सरकारी मेडिकल कॉलेज. तेंही सन २००२ मध्यें निघालें. त्यापूर्वीं पिढ्यान् पिढ्या या पायथ्याच्या माणसांचीं, आणि वरच्या कोरकू, भिलाला, निहाल वस्त्यांतल्या माणसांचीं, हाडें कोणीं बसविलीं? धनगराच्या, कुंभाराच्या किंवा वैदूच्या घरांतल्या कोणा बोटांनींच. त्यानें रात्रीं अपरात्रीं दार उघडलें, जात विचारली नाहीं, आणि पुष्कळदां नारळावर भागविलें. मनगटाजवळची साधी चीर असली तर त्याच्या हातून ती बरीही होते. कारण लहान मुलाचें हाड थोडा आधार मिळाला कीं तीन ते सहा आठवड्यांत आपोआप जुळतें. खोटें येथें आहे कीं, शंभर साध्या मोडी बऱ्या झाल्याचा लौकिक त्याला मिळतो, आणि आखडलेला एक हात मात्र लेकराच्या नशिबाच्या खात्यावर मांडला जातो.

आणि पोथीवाल्यांनीं तरी काय केलें? सुश्रुताच्या ग्रंथांत मोडलेल्या हाडांचा स्वतंत्र अध्याय आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुनाच्या साली आणि बांबू आधारासाठीं घ्यावे असें त्यांत आहे. यांतला मोह आणि पळस आमच्या सातपुड्यांत हवा तेवढा. शिवाय बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाहीं, आणि फार आवळला तर सूज, वेदना आणि पू होतो, म्हणून मध्यम बांधावा, हेंही त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे कित्येक शतकांपूर्वींच ही गोष्ट कळलेली होती! पण ती संस्कृतांत होती, आणि हाडें बांधणारा हात शूद्राचा होता. कुळगुणांनीं चांगल्या अशा शूद्राला मंत्र वगळून शिकवावें, असें कित्येकांचें मत आहे, एवढें एक वाक्य त्याच ग्रंथांत लिहून ठेवून ते मोकळे झाले. पुढें ज्याच्याजवळ ग्रंथ त्याला रक्त-पूं विटाळाचा वाटूं लागला, आणि ज्याच्याजवळ हात त्याला ग्रंथ मिळाला नाहीं. त्या ताटातुटीचें मोल आजवर आमच्या लेकरांनीं भरलें. ज्योतिरावांचे स्नेही डॉक्टर विश्राम रामजी घोले हे गवळी समाजांतले असून नामांकित शस्त्रवैद्य झाले. विद्या आणि हात एका माणसांत आले म्हणजे काय होतें हें आमच्या लोकांस त्यांनीं तेव्हांच दाखविलें होतें.

दुसऱ्या मुलखांत ही ताटातूट कशी मिटली तें सांगण्याजोगें आहे. विलायतेंत वेल्स प्रांताच्या अँगलसी बेटावर थॉमस नांवाचें हाडवैद्यांचें घराणें होतें. त्यांतला इव्हान थॉमस लिव्हरपूल बंदरांत गरिबांचीं हाडें बसवी. पदवीवाल्या डॉक्टरांनीं त्याच्यावर वारंवार खटले भरले. त्यानें त्यावर कपाळाला हात लावला नाहीं. आपले पांचही मुलगे डॉक्टरी शिकायला घातले. त्यांतला थोरला ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यानें गोदी-कामगारांची सेवा करतां करतां मांडीच्या मोडीसाठीं लोखंडी सळ्यांची एक चौकट काढली. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स यानें पहिल्या महायुद्धांत ती सैन्यांत चालू केली. मांडीचें हाड फुटून जखम झालेल्या शिपायांत शेंकडा ८० च्या आसपास मरत असत, तें प्रमाण शेंकडा २० च्या आंत आलें. ती चौकट आजही थॉमसच्याच नांवानें आमच्या मोठ्या दवाखान्यांत वापरतात. हाडवैद्याच्या मुलाला पदवी मिळाली म्हणजे अख्खें शास्त्र पुढें सरकतें. आणि हें विलायतेंतच होतें असेंही नाहीं. आफ्रिकेंतल्या इथिओपियांत हाडवैद्यांना थोडक्या दिवसांचें शिक्षण दिलें: घट्ट बांधूं नये, बोटें पाहावीं, कोणती मोड आपली नव्हे तें ओळखून लगेच दवाखान्यांत पाठवावी. पुढल्या दोन वर्षांत हात-पाय सडून कापावे लागण्याचें प्रमाण पुष्कळच उतरलें, हें तेथील शस्त्रवैद्यानें सन २००५ मध्यें प्रसिद्ध केलें. आपल्या आरोग्य खात्याला असा वर्ग घ्यावयास कोणी अडविलें आहे? हाडवैद्याला चोर ठरविणें सोपें. त्याला वर्गांत बसवून मानानें शिकविणें हें खरें काम, आणि तें अजून उरलेंच आहे.

मूल पडल्यापासून दवाखान्यांत पोंचेपर्यंत काय करावें तें आतां थोडक्यांत. हात ओढून, पिरगळून सरळ करूं नये. जसा आहे तसाच ठेवून खालीं पुठ्ठा, पाटी किंवा घडी केलेलें वर्तमानपत्र देऊन उपरण्यानें गळ्यांत अडकवावा. त्या हातांतलें कडें, बांगड्या, काळा दोरा, ताईत पहिल्यानें काढावे. मागाहून सुजेंत ते रुततात आणि कापावे लागतात. दोरा काढला तर दृष्ट लागेल असें म्हणणाऱ्या म्हातारीला तो दोरा हातांत धरायला द्यावा. हाड कातडी फाडून बाहेर आलें असेल तर शेण, हळद, चहाची पूड कांहीं न भरतां स्वच्छ धुतलेलें फडकें ठेवावें आणि पळावें. मुलाला भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून वाटेंत चहा-बिस्कीट चारूं नये. गाडी नसेल तर १०८ वर फोन करावा. ही गाडी सन २०१४ पासून महाराष्ट्रांत चालू आहे आणि तिला भाडें नाहीं. फोटोशिवाय हाड मोडलें कीं नाहीं हें ठरवूं नये. हात पुढें टेकून पडलेलें मूल तो हात हालवीत नसेल तर तो मोडला आहे असेंच धरून चालावें.

पैशाची भीति ही सर्वांत मोठी मोड. सावकाराकडे किंवा बायकोच्या मण्यांकडे हात जाण्यापूर्वीं सरकारी दवाखान्यांत जावें. १५ ऑगस्ट १९४७ ला देश मोकळा झाला. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांतला केसपेपर मोकळा व्हावयास १५ ऑगस्ट २०२३ उजाडावा लागला. त्या दिवसापासून तेथें तपासणी व उपचार मोफत ठरले आहेत. मोठी शस्त्रक्रिया लागली तर महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नांवाची जनआरोग्य योजना आहे. ती सन २०१२ मध्यें दुसऱ्या नांवानें आठ जिल्ह्यांत निघाली, तेव्हां त्यांत बुलढाणा नव्हता. पुढल्या वर्षीं ती साऱ्या राज्यांत आली आणि २०१७ मध्यें तिला हें नांव मिळालें. यादींतल्या दवाखान्यांत आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार दाखवून आपला उपचार योजनेंत बसतो कीं नाहीं हें त्याला आधींच विचारावें, आणि पैसे मागागले तर कोणत्या कलमाखालीं तें लिहून मागावें. ज्योतिरावांचें नांव भिंतीवर आणि बिल खिशांत, असें होऊं देऊं नये.

प्लास्टर घालून घरीं आल्यावर पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर उंच ठेवावा. खाज सुटते, मूल काडी, पट्टी, विणायची सुई आंत घालतें आणि आंत जखम होते, तेवढें सांभाळावें. अंड्याविषयीं एक सांगावेंसें वाटतें. आमच्याकडे मोडलेल्या हातावर अंडें फोडून लेप देतात. तें अंडें लेकराला खाऊं घालावें. हाडाला तें आंतूनच उपयोगी पडतें. ज्वारीची भाकर, वरण, मिळेल तसें दूध, आणि सकाळचें ऊन, याहून निराळा खुराक लागत नाहीं. हाड जोडणाऱ्या पुड्या विकणाऱ्यांना दारांतूनच वाटेला लावावें.

प्लास्टर निघाल्यावर कोपर आखडलेलें दिसतें आणि मग मालिशवाल्याची वेळ येते. येथें आमचें सांगणें कडक आहे. मुलाच्या कोपराला तेल लावून रगडूं नये, हात धरून जोरानें वांकवूं नये, पाण्याची बादली धरायला लावूं नये. असें रगडल्यानें कोपरापुढच्या मांसांत नवें हाड तयार होतें आणि सांधा कायमचा अडतो. मुलाला खेळूं द्यावें, आपल्या हातानें घांस घेऊं द्यावा. कांहीं आठवड्यांत तें स्वतःच हात मोकळा करितें.

मुलींविषयीं वेगळें लिहावें लागतें याची आम्हांस लाज वाटते. मुलाचा हात मोडला तर अकोल्याला नेतात. मुलीचा मोडला तर "बसेल हळू हळू" म्हणतात, आणि बाहेर बोभाटा नको, उद्यां सोयरीक जमवायची आहे, म्हणून गुपचूप बांधून घेतात. मग कोपर वांकडेंच जुळतें. मनगटाजवळचें थोडेंबहुत वांकडेंपण वाढत्या वयांत आपोआप सुधारतें. कोपराचें सुधारत नाहीं. पुढें तोच वांकडा हात पदराखालीं लपवून मुलीला पाहुण्यांसमोर बसवितात. ज्या बोभाट्याला भ्यायलें तो अशा रीतीनें आपणच जन्मभरासाठीं मुलीच्या हाताला बांधून दिला. एक दिवस मजुरी बुडवून तिला त्याच दिवशीं दवाखान्यांत नेलें असतें तर पाहुण्यांपुढें लपवावें असें कांहीं उरलेंच नसतें.

राहिलें गांवकऱ्यांचें काम. सोनाळ्याच्या आणि आजूबाजूच्या गांवांच्या ग्रामसभेंत गटार-रस्त्याबरोबर एवढें विचारलें जावें: आपल्याला जवळ पडणाऱ्या सरकारी दवाखान्यांत क्ष-किरणाचें यंत्र आहे काय, तें चालविणारा माणूस कोणकोणत्या दिवशीं असतो, रात्रीं मूल आणलें तर प्लास्टर कोण घालतो, आणि कोणीच नसेल तर १०८ ची गाडी त्याला कोठें नेते. उत्तर लेखी घ्यावें आणि तें शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावें. हाडवैद्यालाही त्या सभेस बोलवावें आणि पुढच्या बांकावर बसवावें.